ठाण्यातले कुत्र्याएवढे उंदीर : मध्ययुगीन युरोपीय प्रवाशांचे किती खरे मानावे?

खाडीकाठ

गेल्या महिन्यात पोर्देनोनेच्या ओदोरिक या इटालियन फ्रान्सिस्कन भिक्षूच्या प्रवासवृत्ताचे इंग्रजी भाषांतर वाचून संपवले. हा गृहस्थ १३२० नंतरच्या एकदोन वर्षांत होर्मुझहून गलबतात बसला आणि अठ्ठावीस दिवसांनी ठाण्याला उतरला. लोखंडाचा एकही खिळा न मारता केवळ दोरीने शिवलेल्या त्या गलबताला तो ‘जासे’ म्हणतो. हा आपला ‘जहाज’ शब्द आहे हे ओळखायला मला कोशाची गरज पडली नाही.

ठाण्याबद्दल त्याने जे लिहिले आहे त्यात एक वाक्य असे आहे की येथील उंदीर आमच्याकडच्या एका जातीच्या कुत्र्यांएवढे असतात, त्यांच्यापुढे मांजरांचा काही उपयोग नसतो आणि म्हणून ते कुत्र्यांकडून पकडवतात. हे वाचून मी आधी हसलो आणि मग हसायचा थांबलो, कारण माझे बालपण ठाण्यातल्याच एका चाळीत गेले आहे. मागच्या गटारातून घूस बाहेर पडली की चाळीतले मांजर कठड्यावर चढून बसत असे आणि तिच्यामागे धावण्याचे काम कुत्रे करीत असे. सातशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी माणसाने माझ्या चाळीची मागची बाजू पाहिली होती असे मला क्षणभर वाटले.

अडचण अशी की याच पुस्तकात, काही पानांच्या अंतरावर, मोठ्या टरबुजासारखी फळे येतात, ती पिकून फुटली की आतून कोकरू निघते, असेही लिहिले आहे. प्रेतांनी भरलेल्या आणि वाद्यांचे आवाज येणाऱ्या एका भयंकर दरीचे वर्णनही आहे. तेव्हा ज्यांनी या प्रकारचे लेखन वाचले आहे त्यांना विचारावेसे वाटते की घूस आणि कोकरू यांच्यातली रेघ आपण कशी ओढता? घूस मला ओळखता आली ती मी ठाणेकर असल्यामुळे. जिथे आपण राहिलेलो नाही त्या गावांचे काय करायचे?

उंटावरचा_शहाणा

ठाण्याच्या घुशीला कुत्र्याएवढी म्हणणे ही अतिशयोक्ती नव्हे, पाहुण्याने दाखवलेला संकोच आहे.

जुनी_वही

धागा आवडला. रेघ ओढण्याचे निम्मे काम ओदोरिकने स्वतःच करून ठेवले आहे, असे मी म्हणेन. कोकराच्या फळाची हकिगत सांगताना हे आपण पाहिलेले नाही, विश्वासू माणसांकडून ऐकले आहे, असे तो नमूद करतो. ठाण्याच्या उंदरांबद्दल असा हात झटकलेला नाही. त्या काळच्या लेखकांना पाहिलेले आणि ऐकलेले यांतला फरक कळत नव्हता हा आपला समज मला चुकीचा वाटतो. फरक कळत होता; ऐकलेले गाळून टाकावे असे मात्र त्यांना वाटत नव्हते.

तथापि यात एक मोठी मेख आहे. ओदोरिकने हे पुस्तक स्वतः लिहिले नाही. १३३० साली पादुआ येथे त्याने ते सोलान्याच्या विल्यम नावाच्या भिक्षूला सांगितले, त्याने ते लॅटिनमध्ये उतरवले आणि पुढच्या जानेवारीत ओदोरिक वारला. मार्को पोलोची गोष्टही तीच. १२९८ साली जिनोव्हाच्या कैदेत असताना त्याने आपला प्रवास पिसाच्या रुस्तिकेल्लोला सांगितला, आणि हा रुस्तिकेल्लो राजा आर्थरच्या अद्भुतकथा लिहिणारा माणूस होता. पंधराव्या शतकातल्या निकोलो कोंतीची हकिगत पोपचा सचिव पोज्जो ब्राच्चोलिनी याने लिहून घेतली. म्हणजे आपण ज्याला प्रवासी म्हणतो तो बहुतेक वेळा बोलणारा असतो आणि लिहिणारा दुसराच कोणी असतो, ज्याने ते गाव कधीच पाहिलेले नसते. ‘मी पाहिले’ हे शब्द कोणी घातले, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक पानावर उभा राहतो.

कोरा_कागद

आपण सगळे फार सौम्य बोलत आहोत. मार्को पोलो चीनमध्ये सतरा वर्षे राहिला म्हणतो आणि त्याच्या पुस्तकात ना चिनी भिंत आहे, ना चहा, ना स्त्रियांचे बांधलेले पाय, ना जेवणाच्या काड्या. सतरा वर्षांत चहा दिसला नाही अशा माणसाला मी साक्षीदार मानणार नाही. तो काळ्या समुद्राच्या पलीकडे गेलाच नव्हता आणि त्याने फारसी व्यापाऱ्यांकडून ऐकलेले सांगितले, असे गंभीर अभ्यासकांनीही म्हटलेले आहे.

मोडीवाचक

कोरा_कागद यांच्याशी मी सविस्तर असहमत आहे.

आज छायाचित्रांत दिसणारी भिंत मुख्यतः मिंग काळातली, म्हणजे पोलोनंतरची आहे. मंगोल राज्यात भिंतीच्या दोन्ही बाजू एकाच सत्तेकडे होत्या, त्यामुळे जुन्या मातीच्या भिंतींचे कौतुक करण्याचे कुणाला कारण नव्हते. ओदोरिक चीनमध्ये काही वर्षे होता. त्याने बांधलेले पाय टिपले आहेत, पाळीव पाणकावळ्यांकडून मासे पकडण्याची रीत टिपली आहे, पण भिंत त्यानेही लिहिलेली नाही, आणि तो गेला होता याबद्दल कोणी वाद घालत नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. पोलो सांगतो की इराणच्या मंगोल राजासाठी वधू म्हणून एका राजकन्येला नेण्यास आलेल्या तीन दूतांबरोबर तो समुद्रमार्गे परतला, आणि त्या तिघांची नावे तो देतो. ही तिन्ही नावे एका चिनी सरकारी कागदात आहेत, असे एका चिनी इतिहासकाराने १९४१ साली दाखवून दिले. तो कागद युरोपात कोणी वाचलेला असणे शक्य नव्हते आणि त्यात पोलोचे नाव नाही, म्हणजे कोणी नंतर जुळवून आणले असेही म्हणता येत नाही. शिवाय कागदी चलन आणि मिठावरचा कर यांबद्दल तो जे तपशील देतो ते चिनी नोंदींशी इतके जुळतात की ते बाजारगप्पांतून मिळाले असतील हे मला पटत नाही. दरबारात राहणारा माणूस चहाविषयी लिहीलच असे नाही. ज्याचे पोट महसुलावर चालते तो मिठाविषयी नक्की लिहितो.

कोरा_कागद

तीन दूतांचा मुद्दा मला माहीत नव्हता आणि तो मी मान्य करतो. परंतु मग सियांगयांगच्या वेढ्याचे काय करायचे? पोलोच्या पुस्तकानुसार ते शहर पडले ते त्याच्या वडिलांनी, काकांनी आणि त्याने बनवून घेतलेल्या दगडफेकी यंत्रांमुळे. शहर पडले १२७३ मध्ये. पोलो मंडळी चीनचा मंगोल सम्राट कुबलाई याच्या दरबारी पोहोचली १२७५ च्या सुमारास. ती यंत्रे पश्चिम आशियातून आलेल्या मुसलमान कारागिरांनी बनवली होती, याची चिनी नोंद आहे. मी माझे विधान बदलतो : तो गेला होता आणि फुशारकी मारत होता.

मोडीवाचक

हे मला मान्य आहे. फक्त फुशारकी पोलोची की रुस्तिकेल्लोची हे सांगता येणार नाही. जुनी_वही यांचा मुद्दा इथेच लागू पडतो, कारण वेढा, शूर परदेशी आणि अजब यंत्र हा सगळा मसाला आर्थरकथांच्या लेखकाच्या हातचा वाटतो.

गलबत

आकड्यांबद्दल थोडे लिहितो. हांगचौ शहरात बारा हजार पूल आहेत असे पोलो सांगतो आणि नंतर ओदोरिकही बारा हजारच सांगतो. शाळेत दोन मुलांच्या वहीत एकच चुकीचे उत्तर सापडले तर शिक्षक जो निष्कर्ष काढतील तो मी पूर्वी काढत असे. आता तसे वाटत नाही. शहराबद्दलची अशी वाक्ये स्थानिक लोक पाहुण्याला अभिमानाने सांगत असतात, आणि एकाच शहरात काही दशकांच्या अंतराने गेलेल्या दोन पाहुण्यांना तीच थाप ऐकवली गेली असेल हेही तितकेच शक्य आहे. कदाचित आपण ज्याला प्रवाशाचे खोटे म्हणतो ते गावकऱ्यांचे असेल.

ठाण्याचे नाव निघाले आहे म्हणून सांगतो की पोलोच्या पुस्तकातही ठाणे आहे, पण अगदी वेगळे. त्यात उंदीर नाहीत. चांगले कमावलेले कातडे, सुती कापड आणि तपकिरी धूप यांचा व्यापार आहे, आणि येथील राजाचे समुद्री चाच्यांशी असलेले संगनमत आहे. लुटलेल्या जहाजावर जितके घोडे सापडतील तितके राजाला द्यायचे आणि बाकीचा माल चाच्यांनी घ्यायचा. राजाला घोडे हवे असत, कारण ते बाहेरूनच येत. व्यापाऱ्याला जे दिसते ते भिक्षूला दिसत नाही आणि भिक्षूला दिसते ते व्यापाऱ्याला नाही. दोघांचे ठाणे एकत्र ठेवले की शहर थोडे भरल्यासारखे वाटते.

दुभाषी

मी जर्मनीत दुभाष्याचे काम करते, त्यामुळे या विषयात माझा जीव रुब्रुकच्या विल्यमपाशी अडकतो. १२५३ ते १२५५ या काळात हा फ्लेमिश फ्रान्सिस्कन मंगोल सम्राट मोंगके याच्या काराकोरमच्या दरबारी जाऊन आला आणि फ्रान्सचा राजा नववा लुई याला त्याने स्वतः लांबलचक पत्र लिहिले. मधे रुस्तिकेल्लो नाही, पोज्जो नाही.

त्याच्या पत्रातली सर्वांत खरी तक्रार त्याच्या दुभाष्याबद्दल आहे. हा दुभाषी सुचेल ते बोलत असे, आणि मोंगकेची पहिली भेट चालू असताना त्याला तांदळाची दारू इतकी चढली की सम्राट काय म्हणाला हे रुब्रुकला धड कळलेच नाही. अर्ध्या जगाचा प्रवास करून गाठलेल्या भेटीचे आपल्याला काही कळले नाही, असे जो राजाला लिहितो त्याच्यावर मी विश्वास ठेवते. त्याला सुंदर भाषण रचून घालता आले असते. इतर प्रवासवर्णनांत खान आणि भिक्षू एकाच भाषेत शिकले असावेत इतके अस्खलित बोलतात, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडते. मधला माणूस कुठे गेला, हा प्रश्न मला व्यवसायामुळे सुचतो.

कॅस्पियन समुद्र हा महासागराचा फाटा नसून चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे हे त्याने लिहिले आणि इसिदोरसारख्या मान्यवराला खोडून काढले. ज्या विचित्र देहाच्या माणसांबद्दल जुन्या ग्रंथांत लिहिले आहे त्यांची त्याने तेथे चौकशी केली. आम्ही असे कधी पाहिले नाही, असे उत्तर मिळाले, आणि त्याने ते तसेच लिहून टाकले. काराकोरममध्ये त्याला पॅरिसचा एक सोनार भेटला, ग्वियोम बूशे. त्याने सम्राटासाठी चांदीचे झाड बनवले होते, ज्यातून द्राक्षाची दारू, घोडीच्या दुधाची दारू, मधाची दारू आणि तांदळाची दारू अशा चार धारा वाहत. टोकावरच्या देवदूताने तुतारी फुंकावी यासाठी बसवलेला भाता नीट चालेना, म्हणून शेवटी झाडाखालच्या पोकळीत एक माणूस बसवावा लागला. अद्भुत वस्तूच्या पोटात बसलेला हा माणूस दुसऱ्या कोणी आपल्याला दाखवला नसता.

उंटावरचा_शहाणा

दुभाषीताई, आपल्या झाडाखालच्या माणसाला माझा नमस्कार सांगावा. मी ज्या कचेरीत काम करतो तेथील संगणकप्रणाली याच तत्त्वावर चालते.

मात्र या खऱ्या माणसाला फळ काय मिळाले तेही पाहा. रुब्रुकच्या पत्राच्या मोजक्याच हस्तप्रती उरल्या आहेत. याउलट जॉन मँडेव्हिल या नावाने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आलेले पुस्तक, ज्याचा लेखक बहुधा ग्रंथालयापलीकडे फारसा गेलाच नव्हता आणि ज्याने आपल्या ओदोरिकची पानेच्या पाने उचलली, त्याच्या सुमारे तीनशे हस्तप्रती आजही आहेत. ओदोरिकने कोकरू केवळ ऐकले होते. मँडेव्हिलने ते खाल्ले! तसे तो स्वतःच सांगतो. घरबसल्या चव घेण्याची ही कला आमच्या समाजमाध्यमांवरच्या खाद्यसमीक्षकांनी पुढे नेली.

सावली

एकपायी माणसांबद्दल कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. प्राचीन रोमन लेखक प्लिनीपासून युरोपात असे सांगत आले होते की भारतात एकच भलामोठा पाय असलेले लोक राहतात आणि उन्हात उताणे पडून त्याच पायाची सावली करून घेतात. १३३८ मध्ये पोपने चीनकडे पाठवलेला मारिन्योल्ली हा भिक्षू परतताना भारतातून आला आणि १३५३ मध्ये आव्हिन्योंला पोहोचला. तो लिहितो की असे लोक कोठेही नाहीत. भारतातील लोक काठीला लावलेला लहानसा तंबू बाळगतात, ऊनपावसात तो उघडतात आणि त्याला ‘छातिर’ म्हणतात. कवींनी त्याचाच पाय केला. असा एक नमुना आपण फ्लोरेन्सला आणला आहे, असेही तो सांगतो.

म्हणजे हजारबाराशे वर्षांची दंतकथा एका छत्रीने मिटवली. ती छत्रीच पायाचे मूळ होते का हे मला ठाऊक नाही, पण कोडे सोडवण्याची त्याची रीत मला फार आवडते : आधी नाकारतो, मग असे का वाटले असावे ते सांगतो आणि शेवटी वस्तू आणून दाखवतो.

जुनी_वही

सावली यांचे उदाहरण आणि रुब्रुकचे उदाहरण एकत्र ठेवले तर एक कसोटी मिळते : घरच्या वाचकाला जे ऐकायचे आहे त्याच्या विरुद्ध प्रवासी बोलतो तेव्हा त्याचे म्हणणे जड मानावे. पोलोने सुमात्रात गेंडा पाहिला, त्याला एकशिंगी अश्वच समजला, आणि तरीही लिहिले की हा प्राणी चिखलात लोळतो, दिसायला ओंगळ आहे आणि कुमारिकेच्या मांडीवर डोके ठेवणारा तो आमच्याकडचा एकशिंगी काही हा नव्हे. समज घरून नेलेला होता, डोळे मात्र स्वतःचे होते.

रेवदंडा_किनारा

सगळी चर्चा इटलीभोवती फिरते आहे म्हणून त्वेरच्या अफनासी निकितिनची आठवण करून देतो. १४७० च्या आसपास हा रशियन व्यापारी आमच्या चौलला उतरला, तेथून जुन्नरला आणि पुढे बीदरला गेला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. त्याने शंभर रूबल खर्चून एक घोडा विकायला आणला होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो, असे सांगितले. खुरासानच्या एका मातबर माणसाने रदबदली केल्यामुळे निकितिन सुटला. पावसाळ्याला तो हिवाळा म्हणतो, चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल असल्याचे सांगतो आणि त्याच काळात लोक नांगरतात, पेरतात हे नोंदवतो. जुन्नरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या साक्षीसाठी दुसरा पुरावा लागणार नाही.

त्याने स्वतःच्या वहीत लिहिले आणि छापून यावे म्हणून लिहिले नाही. ज्यांनी मला भारतात सगळे मिळते म्हणून सांगितले त्यांनी फसवले, आपल्या देशी नेण्यासारखा माल इथे नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त आहेत, असे तो चिडून लिहितो. मधूनमधून मूळ रशियन सोडून तुर्की, फारसी, अरबी यांच्या मिश्रणात प्रार्थना करतो. घरी पोहोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ तो वारला आणि वही तेवढी पोहोचली.

कोरा_कागद

यात अद्भुत काहीच नाही का?

रेवदंडा_किनारा

आहे. एक घुबडासारखा पक्षी ज्या घरावर बसतो तेथे माणूस मरतो आणि त्याला मारायला गेल्यास त्याच्या तोंडातून आग निघते, असे तो लिहितो. माकडांचा राजा असून त्याचे सैन्य आहे असेही लिहितो. पहिली समजूत माझ्या आजीचीही होती, आग सोडून. दुसरी गोष्ट कोठून आली असेल हे मराठी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही.

गलबत

हा प्रतिसाद वाचून मला वाटते की गावकऱ्यांच्या थापेबद्दल मी वर जे म्हटले ते अपुरे होते. निकितिनला कोणी थाप मारली नव्हती, रामायण सांगितले होते. भाषा अर्धी समजणाऱ्या पाहुण्याला कथा आणि बातमी सारख्याच ऐकू येतात.

दुभाषी

सहमत. आणि मध्ये दारू प्यायलेला दुभाषी असेल तर बघायलाच नको.

मोडीवाचक

मूळ प्रश्नाकडे वळतो. ओदोरिकच्या ठाण्याला आणखी एक साक्षीदार आहे आणि त्याच्यामुळे मला रेघ निराळ्या जागी दिसते. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले. ओदोरिकने पुढे त्यांच्या अस्थी घेतल्या आणि त्या तो चीनपर्यंत घेऊन गेला. त्या चौघांबरोबर आलेला जोर्दानुस हा डोमिनिकन भिक्षू त्या वेळी दुसरीकडे गेल्यामुळे वाचला आणि त्यानेच मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. १३२९ मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. त्याचे आश्चर्यांचे लहानसे पुस्तक आहे. ज्या भारतात तो राहिला त्याच्या वर्णनात फणस आहे, आंबा आहे, नारळ आहे, प्रेते उघड्या जागी पक्ष्यांसाठी ठेवणारे अग्निपूजक आहेत. मग तो ‘तिसऱ्या भारता’कडे वळतो आणि सांगतो की तेथे मी गेलेलो नाही, पण विश्वासू लोकांकडून ऐकले आहे, आणि त्याच ठिकाणी अजगर डोक्यावर रत्ने घेऊन हिंडू लागतात.

रुब्रुकलाही काराकोरममध्ये सांगण्यात आले की चीनच्या पलीकडे असा देश आहे जेथे माणूस ज्या वयात शिरतो त्याच वयाचा राहतो. मला हे खरे वाटत नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली. प्रवासी ज्या गावी उभा असतो तेथे घुशी असतात, आंबे असतात, पाऊस असतो. कोकराची फळे नेहमी पुढच्या गावी. म्हणून मी प्रत्येक पानावर आधी हे पाहतो की या क्षणी त्याचे पाय कोठे आहेत.

सावली

पाय एक की दोन, हेही पाहावे.

कोरा_कागद

मोडीवाचक यांचा नियम मला जवळजवळ पटला, पण ओदोरिकची प्रेतांची दरी त्याला बसत नाही. तेथे तो स्वतः चालत गेल्याचे सांगतो.

मोडीवाचक

नाही बसत. त्या दरीचे मला आजवर काही करता आलेले नाही.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटचे विचारतो, कारण याचा उलगडा मला अजून झालेला नाही. उंदरांच्या वाक्याच्या आसपासच ओदोरिक लिहितो की या प्रदेशात प्रत्येक माणसाच्या घरासमोर काटक्यांचे एक झाड असते, ते आमच्याकडच्या खांबाएवढे जाड असते आणि पाणी मिळत राहिले तोवर ते सुकत नाही. हे काय असावे?

जुनी_वही

ओदोरिकचा इंग्रजी भाषांतरकार हेन्री यूल याने ती तुळस असावी असे सुचवले आहे.

खाडीकाठ

तुळस खांबाएवढी जाड कशी असेल?

दुभाषी

वृंदावन असेल. घरासमोर खांबासारखा चौथरा, वर काटक्यांचे रोप, आणि घरची बाई रोज पाणी घालते आहे. त्याने तिन्ही गोष्टी पाहिल्या असतील आणि पादुआला सोलान्याच्या विल्यमला सांगताना, किंवा विल्यमने लिहून घेताना, खांब आणि रोप एक झाले असतील. तुळस कधीच न पाहिलेल्या माणसाला तोंडी वृंदावन सांगून पाहा, असाच काही घोटाळा होईल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

खाडीकाठ

माझ्या प्रतीत उंदरांच्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने ‘पाहिले’ असे लिहिले होते. आता त्या झाडाशेजारी ‘पाहिले, सांगताना सांडले’ असे लिहिले आहे.

उंटावरचा_शहाणा

आणि कोकराच्या फळाशेजारी?

खाडीकाठ

‘पुढच्या गावी चौकशी करावी.’